सासऱ्यांचे पाणकावळे

"मी येत्येय ती ते खोटं होतं हे बघायला," सासूबाई गाडीत बसता बसता म्हणाल्या. "नंतर गावभर सांगत सुटू नको, आईंना पण पाखरांचं वेड लागलं म्हणून."

वेड मला लागलं होतं, आणि ते बहरीनमधल्या आमच्या सगळ्या झिंज वस्तीला ठाऊक होतं. आठवडाभर मी एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढते ऑफिसात, पण सुट्टीचा शुक्रवार उजाडला की गळ्यात दुर्बीण अडकवून चिखलात उभी. नवरा म्हणतो, लग्नाआधी सांगितलं असतंस तर विचार केला असता. त्यातून नोव्हेंबरातली, पाखरं दाखवायला हवार बेटांकडे नेणारी बोट! दोन वर्षं मी तिच्यावर डोळा ठेवून होते. जागा मिळाल्याचा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये 'येस!' असं ओरडले, आणि मग सगळ्यांना वाटलं माझं ड्रॉइंग पास झालं.

सासूबाई तेव्हा व्हिजिटवर आमच्याकडे आल्या होत्या. एका संध्याकाळी आम्ही दोघी मटार सोलत होतो आणि माझी टकळी चालू होती. हवारला पाणकावळे असतात, हजारोंनी, सकाळी सगळे मिळून मासे मारायला निघतात, समुद्र काळा होतो म्हणे. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मटार मी एकटीच सोलतेय.

"समुद्र काळा होतो?" त्यांनी विचारलं. "असं कुणी सांगितलं तुला?"

मग ते सगळं बाहेर आलं. माझे सासरे मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये होते. रजेवर दापोलीकडच्या गावी आले की संध्याकाळी अंगणात माणसं जमायची आणि ते गोष्टी सांगायचे. देवमाशाची, उडत्या माशांची, कुठल्याशा बंदरातल्या मारामारीची. त्यात एक गोष्ट ह्या आखाताची होती. डेकवर चहा घेऊन उभे होते, तर समोरून काळी पाखरं आली. खाली पाणी दिसेना. चहा गार झाला तरी पाखरं संपेनात. जहाज पाण्यावरून नाही, पाखरांवरून चाललंय असं वाटलं. ही त्यांची सगळ्यांत आवडती गोष्ट. आणि पुतणीच्या साखरपुड्याला नव्या व्याह्यांसमोर त्यांनी ती रंगात येऊन सुरू केली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पुरे हो! पाव्हण्यांसमोर तरी थापा मारू नका." सगळे खो खो हसले. सासरेसुद्धा हसले.

"पण त्याच्यानंतर ती गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही गो," सासूबाई म्हणाल्या. "बाकीच्या सांगितल्या. ती नाही. मी एकदा म्हटलं पण, ती काळ्या पाखरांची सांगा की. तर म्हणाले, विसरलो." त्यांनी पदराला हात पुसले. "खोटी असली तर बरीच. खरी असली तर मी काय करू?"

सासऱ्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी सरळ फोन घेतला आणि बोटीतली आणखी एक जागा मागितली.

नवऱ्याने आम्हाला दक्षिणेकडच्या धक्क्यावर सोडलं आणि पळ काढला. बादलीतलं पाणी हललं तरी त्याला मळमळतं. बोटीचा मालक मुहर्रकचा एक वयस्कर बहरीनी होता. सासूबाईंनी बोटीत पाय ठेवताच खणखणीत आवाजात विचारलं, "नाखवा कोण?" आणि तो चटकन वळला! त्यांच्या अरबीतही जवळजवळ तोच शब्द. इतका खूश झाला की स्वतःची सावलीतली खुर्ची त्याने त्यांना दिली. आम्ही बाकीचे फळीवर.

ट्रिप काढणारा इंग्रज मास्तर, शाळेत सायन्स शिकवतो, त्याने आधीच बजावलं होतं. बेटावर उतरायची परवानगी नाही. पाणकावळे सकाळी एकगठ्ठा निघतात, ते निघताना गाठले तर गाठले. उशीर झाला की समुद्रभर पांगतात आणि मग हाती येतात दहा-वीस. मी ते भाषांतर करून सांगितलं. "बघू," सासूबाई म्हणाल्या.

आणि मग मी माती खाल्ली.

निघून थोडा वेळ झाला होता. सासूबाईंनी पिशवीतून शेव-गाठ्यांचा डबा काढला, कारण आमच्यात प्रवास म्हटला की डबा उघडतोच. तेवढ्यात एक सीगल आमच्या बरोबरीने उडायला लागला, अगदी हाताच्या अंतरावर, डोळा तिरपा करून. आता मांडव्याच्या लाँचमध्ये बसून सीगलला गाठी टाकली नाही असा माणूस आमच्याकडे सापडायचा नाही. माझा हात आपोआप डब्यात गेला. त्याने ती हवेतच झेलली. "अगो बाई, किती हुशार!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी मूठभर उधळली.

झालं! कुठून आले कोण जाणे, पण क्षणात बोटीवर सीगलच सीगल. किंचाळताहेत, छतावर आपटताहेत, मास्तरच्या टोपीवर घाण करताहेत. तो "नो, नो, नो!" करत हात हलवतोय आणि सीगलना वाटतंय हाही काहीतरी टाकतोय. समोरची काच पांढरीफटक झाली. नाखवाला पुढचं काही दिसेना. "खलास!" तो ओरडला, इंजिन बंद केलं आणि बादली घेऊन काच धुवायला निघाला. मी रडकुंडीला आले. सकाळ हातची चालली होती, आणि ती घालवली कुणी, तर मीच! मास्तर माझ्याकडे बघतही नव्हता. मी मनातल्या मनात नाखवाला म्हणत होते, यल्ला, यल्ला, घास ना बाबा लवकर.

सासूबाई मात्र शांत. दूरवर समुद्र नुसता निळा. "बघ," त्या म्हणाल्या, "काही नाही." आणि खुर्चीत मागे टेकल्या. त्या हायसं वाटून टेकल्या की हिरमुसून, मला अजून सांगता येणार नाही.

तेवढ्यात मास्तर ताठ उभा राहिला.

क्षितिजावर एक रेघ होती. मला वाटलं जमीन आहे. मग ती जमीन हलली. दुर्बीण लावली आणि माझ्या घशातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा काढू शकणार नाही. पाणकावळे! पाण्याला जवळजवळ टेकून, काळे कुळकुळीत, रांगांमागून रांगा, थेट आमच्याकडे. पुढचे धपाधप पाण्यात पडत होते, बुडी मारत होते, की मागचे त्यांच्यावरून उडत पुढे. मग ते पडत, की त्यांच्या मागचे पुढे. सगळा थवा चाकासारखा गरगरत येत होता. इंजिन बंद, त्यामुळे पंखांची सळसळ आधी आली, मग माशांचा उग्र वास, आणि मग ते आलेच. बोटीच्या दोन्ही बाजूंनी, डोक्यावरून, इतके खाली की मी वाकले. पाणी दिसेना! खरंच दिसेना! मी ओरडत होते, नाचत होते, एका हाताने व्हिडिओ काढत होते, मास्तर सगळं विसरून माझा खांदा बडवत होता.

सासूबाई कठडा घट्ट धरून उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडाला होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. थवा येतच होता. मी त्यांच्या जवळ गेले तर ओठ हलत होते. आधी वाटलं देवाचं काही म्हणताहेत. कान नेला तेव्हा ऐकू आलं. "हो हो, बघितली," त्या म्हणत होत्या. "बघितली हो. बघितली."

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता त्यांनी गावी आपल्या धाकट्या दिरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. काय सांगितलं म्हणून सांगू! हातवारे करून, उभ्या राहून. रांगा सांगितल्या, वास सांगितला, खाली पाणी दिसेना सांगितलं. मी आजवर त्यांना अशा बोलताना पाहिलं नव्हतं.

पलीकडे दीर हसायला लागले. मागे आणखी कुणीकुणी हसलं. "वैनी," ते म्हणाले, "आता तुम्ही पण सुरू केलंत? दादा गेले ते थापा तुमच्याकडे ठेवून गेले वाटतं!"

माझं डोकंच फिरलं. फोन ठेवल्याबरोबर मी म्हटलं, "आई, थांबा, व्हिडिओ आहे माझ्याकडे. आत्ता पाठवते ग्रुपवर. बसू देत बघत."

त्यांनी माझा हात धरला. डोळे भरून आले होते, पण हसत होत्या.

"नको पाठवू," त्या म्हणाल्या. "ह्यांच्याकडे कुठे होता व्हिडिओ?"