बेसिनमधली गोळी

आमच्या गल्लीत त्याला सगळे मीटर म्हणतात. धंदा पडदे शिवण्याचा, गळ्यात कायम मापाची टेप, आणि बोलणं असं की शब्दही हा कापडासारखे मोजून देतो. कुणाच्या घरी सांत्वनाला गेला तरी याची नजर आधी खिडकीकडे जाणार. एकदा अशाच एका घरी यजमानांनी डोळे पुसता पुसता विचारलं, काय बघताय. तर हा म्हणाला, पडदा दोन बोटं आखूड आहे. त्याच्या मनात वाईट काही नसतं, पण तोंड उघडतो ते अशा वेळी.

माझं दोरे-बटणांचं दुकान त्याच्या दुकानाच्या समोरच आहे. त्यामुळे त्याच्या घरातलं मला जरा जास्तच कळतं. जे दिसलं नाही ते त्यानं नंतर माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, माझ्याकडे न बघता.

मीटरच्या दुकानात बोलायचं काम त्याच्या बायकोकडे होतं. मीटरनं माप आणायचं, तिनं कापायचं, शिवायचं आणि गिऱ्हाईक सांभाळायचं. राखाडी कापड घ्यायला आलेल्या माणसाला ती हिरवंगार कापड देऊन पाठवायची आणि तो माणूस वर आभार मानून जायचा. नवऱ्याची तर ती गिऱ्हाइकांदेखत फिरकी घ्यायची. "ह्यांना लग्नात माळ घाल म्हटलं, तर आधी माझ्या गळ्याचं माप घेतलं," असं काहीबाही. मीटर खाली मान घालून हसायचा. एवढा मुखदुर्बळ माणूस, पण तिच्या शेजारी बसला की त्यालाही वाटायचं आपण गमतीदार आहोत.

मग ती आजारी पडली. झोप उडाली, बोलणं थांबेना, आणि एक दिवस शिडी घेऊन ती गिऱ्हाइकांच्या घरी गेली आणि स्वतः शिवलेले पडदे काढून आणायला लागली. रंग चुकलाय, आजच्या आज बदलते, म्हणायची. लोकांनी मीटरला बोलावलं. तिला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. ती बरी होऊन निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं. हा आजार उलटू शकतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि आजार परत यायला लागला की त्याची पहिली खूण घरच्यांनाच दिसते, प्रत्येकाची निराळी असते. ती दिसली की वाट बघायची नाही, त्याच दिवशी कळवायचं.

गेल्या खेपेची पहिली खूण कोणती, असं त्यांनी विचारलं तेव्हा मीटरनं सांगितल्या त्या खुणा कुणीही सांगितल्या असत्या. झोप कमी होते, बोलणं वाढतं. खरी पहिली खूण त्याला ठाऊक होती. बायको एरवी कापडावर खडूनं रेघ मारायची, टेप लावून पुन्हा तपासायची, मगच कात्री चालवायची. आजार यायच्या कितीतरी आधी तिनं खडू वापरणं सोडलं होतं. नुसत्या नजरेनं कापायची, आणि कात्री अशी सरळ जायची की मीटर हातातलं काम टाकून बघत राहायचा. हे त्यानं डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही. तेव्हा लपवायचं म्हणून नाही. बायकोच्या कसबाला आजार म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

घरी आल्यावर ती खरोखरच बरी झाली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक विसरले. रात्री जेवण झालं की गोळ्या घ्यायची, वेळेवर झोपायची, दुकानात यायची, रेघ मारून कापायची. पण हळू. गोळ्यांनी तिचा हात किंचित थरथरायचा, सुईत दोरा ओवायला वेळ लागायचा. गिऱ्हाइकानं राखाडी मागितलं की ती राखाडी द्यायची. लोक म्हणायचे, बाई शांत झाल्या हो. मीटरही मान डोलवायचा. आणि संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना त्याला तिची, म्हणजे आधीच्या तिची, आठवण यायची. बायको शेजारी उभी असताना बायकोची आठवण येते, याची त्याला लाज वाटायची. लाज वाटली म्हणून आठवण थांबत नव्हती.

अशात नव्या हॉटेलचं काम आलं. सगळ्या खोल्यांचे पडदे, अस्तरासकट, आणि हॉटेल उघडायचा दिवस ठरलेला. मीटरनं होकार दिला आणि दोघांच्याही नाकी नऊ आले. एका संध्याकाळी तिचा दोरा पुन्हा पुन्हा सुटत होता, आणि कधी नव्हे तो हा माणूस न विचारता बोलला. "पूर्वीची असतीस तर हे सगळं हसत उरकलं असतंस."

तिनं दोरा ओवला आणि मशीन चालू केलं. मीटरही ते विसरून गेला. एरवी शब्द मोजणाऱ्या माणसानं नेमकं तेच वाक्य मोजलं नाही, याचा मला अजूनही राग येतो.

काही आठवड्यांनी त्यांच्या दुकानातून पुन्हा हसण्याचे आवाज यायला लागले. आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. गल्लीतली माणसं काम नसताना तिथे रेंगाळायला लागली. पडद्यांचे गठ्ठे भराभर तयार होत होते. आणि कापायच्या टेबलावर खडू पडून होता. मीटरनं तो पहिल्याच दिवशी पाहिला. त्यानं स्वतःला समजावलं की हात बसला असेल तिचा, इतकी वर्षं हेच तर करतेय.

मग एका सकाळी दाढी करताना त्याला बेसिनच्या जाळीत एक पांढरी गोळी अडकलेली दिसली. कडा विरघळल्या होत्या, पण गोळी ओळखू येत होती. म्हणजे ती गोळ्या तोंडात धरून इथे येऊन थुंकत होती. आता स्वतःला समजवायला काही उरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा नंबर फोनमध्ये होता, फोन खिशात होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ती ओरडली, "अहो, दाढी करताय की गालाचं माप घेताय?" त्याला हसू आलं. कितीतरी दिवसांनी ती त्याची अशी चेष्टा करत होती. त्यानं नळ सोडला आणि गोळी वाहून जाईपर्यंत तो चालू ठेवला.

त्यानंतर मीटरनं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. एकदा हॉटेलचं काम हातावेगळं होऊ दे, मग फोन करू, असं तो रोज ठरवायचा. पण खरं कारण काम नव्हतं, हे त्यानं मला स्वतःहून सांगितलं. काम अडलं असतं तर त्यानं दुसरा शिंपी लावला असता. त्याला ते दिवस हवे होते. रोज तो तिच्या विनोदांवर हसायचा आणि रोज अपराध्यासारखा बेसिनमध्ये वाकून बघायचा.

हॉटेलात पडदे लावायच्या दिवशी सगळ्यात वरच्या मजल्यावर ती म्हणाली की हे बाहेरून कसे दिसतात ते बघायला हवं. खिडकी उघडून ती बाहेरच्या अरुंद कठड्यावर उतरली. मीटर शिडीवर होता. त्यानं उडी मारून तिचं मनगट पकडलं. ती हसत होती, सोडा हो म्हणत होती, मला काही होत नाही. आवाज ऐकून हॉटेलचा मॅनेजर धावत आला आणि दोघांनी मिळून तिला आत ओढलं. तिच्या मनगटावर मीटरच्या बोटांचे वळ उठले. ते वळ घेऊनच ती पुन्हा रुग्णालयात गेली.

या वेळी ताळ्यावर यायला तिला बरेच दिवस लागले. गोळ्या थुंकत असल्याचं तिनं तिथे स्वतःच कबूल केलं. घरी सोडायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बोलावलं. बायकोची थोरली बहीण आली होती. ताई तोंडाची फटकळ, पण बहिणीवर जीव. तिचं म्हणणं सरळ होतं. ही गोळ्या थुंकणार आणि नवऱ्याला पत्ता लागणार नाही, तर हिला त्या घरी ठेवण्यात अर्थ नाही, मी माझ्या घरी घेऊन जाते. मीटरला ती काही बोलली नाही. उलट म्हणाली, तुम्ही बिचारे साधे, तुम्हाला हिनं सहज गुंडाळलं.

बायको खाली बघत होती. तीही तेच म्हणाली. "मी ह्यांना फसवलं. ह्यांचा काही दोष नाही. ताईकडे जाते मी." मग ती मीटरकडे वळली. "मला माफ करा."

मीटर मला म्हणाला, त्या क्षणी गप्प बसणं इतकं सोपं होतं. जन्मभर तो गप्पच बसत आलाय, कुणाला नवल वाटलं नसतं. पण ती माफी मागताना त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि बाहीतून मनगटावरचा अजून पुरता न गेलेला पिवळट वळ दिसत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "बेसिनमध्ये गोळी दिसली मला. मी नळ सोडला."

ताईचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं थांबत थांबत सगळंच सांगितलं. खडूचं, आधी न सांगितलेल्या खुणेचं, आणि त्या संध्याकाळी तो बोलून गेला होता त्या वाक्याचंही. डॉक्टरीणबाईंनी मधे तोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या की हात थरथरतो हे मला कळवलं असतं तर औषधात फेरफार करून बघता आला असता, त्यासाठी गोळ्या सोडायची गरज नव्हती. हे कुणी विचारलंच नव्हतं. दोघांनाही ते औषधाबरोबर येणारच असं वाटलं होतं.

बायकोनं बाही मनगटावर ओढून घेतली. म्हणाली, "म्हणजे तुम्हाला ती हवी होती. मी नको होते."

मीटरला नाही म्हणता आलं नाही. खोटं बोलायची त्याची हिंमत संपली होती. "ती आवडायची मला," तो म्हणाला. "पण कठड्यावर हात धरला तेव्हा कळलं. मला तू हवीस."

ताई पर्स उचलून म्हणाली, चला, आता तर प्रश्नच मिटला, तू माझ्याकडेच येणार. बायकोनं तिला हातानं थांबवलं.

"पुन्हा तसं दिसलं तर तुम्ही डॉक्टरांना सांगाल?" तिनं विचारलं.

"सांगेन."

"मी हसत असले तरी?"

त्यानं लगेच हो म्हटलं असतं तर ती उठून ताईबरोबर गेली असती, असं मला वाटतं. तो थांबला. सकाळी स्वयंपाकघरातून येणारी तिची हाक, भरलेलं दुकान, तिच्या शेजारी बसल्यावर आपणही गमतीदार आहोत असं वाटणं, हे सगळं त्याला एका फोनवर स्वतःच्या हातानं बंद करावं लागणार होतं. तो फोन उचलताना ती आपला राग राग करेल, हेही त्याला दिसत होतं. डॉक्टरीणबाईंसमोर, ताईसमोर त्याला रडू आलं.

"हो," तो म्हणाला. "तू हसत असलीस तरी."

तिनं त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, आणि ताईला सांगितलं की मी घरी जाते.