टाकीतला दुसरा हात

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं आणि गावोगावच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. टँकरच्या टाक्या बनवणाऱ्या गुरुबसप्पांच्या शेडमध्ये जेवायलाही सवड नव्हती. पंचशीला तिथं घासकाम करायची. पत्र्यावरचा गंज पॉलिश पेपरनं घासून तिनं पुसून घ्यायचा, मग व्यंकटीनं आत उतरून रंग मारायचा. गंज कुठं राहिलाय, ते तिच्या बोटांना न बघता कळे.

त्या दुपारी व्यंकटी रंगाचा दुसरा हात मारत होता. टाकीच्या तोंडाशी पंखा लावलेला. वीज गेली, पंखा थांबला.

"व्यंकटीभाऊ, वर या!" पंचशीला ओरडली.

"थोडंच ऱ्हायलंय," आतून आवाज आला. मग तो उगाच हसू लागला. मग हसूही थांबलं. ब्रश खणकन पत्र्यावर पडला.

गुरुबसप्पा आत उतरायला धावले. तिनं त्यांचा दंड धरला. "थिनरची वाफ हाय आत. तुमी बी तिथंच पडताल, मालक. आदी लोहाराचा भाता आणा!"

शेडमधल्या गड्यांनी भाता आणला. मालक स्वतः त्याचा दांडा ओढून पाइपातून आत हवा सोडू लागले. पंचशीलेनं एक दोर कमरेला बांधला, दुसरा हातात घेतला, छातीभर श्वास घेतला आणि उतरली. ओल्या रंगावर पाय घसरत होते, डोळे चुरचुरत होते. व्यंकटीच्या काखेखालून घातलेल्या दोराची गाठ सुटली. पुन्हा मारली. बसली. वरच्या गड्यांनी आधी त्याला ओढलं, मग तिला.

सावलीत निजवल्यावर तो हलेना. ती त्याच्या छातीकडे बघत राहिली. अखेर तो खोकला, ओकला आणि रडू लागला. त्याला दवाखान्यात धाडलं.

आतला रंग फरपटीनं खरवडून निघाला होता. गुरुबसप्पा खाली बघत म्हणाले, "उद्या टाकी न्यायला येतेत. गाव तहानलंय, बाई. जाऊ दे अशीच."

"लेकरं पितेत ते पाणी. रंग अजून ओला हाय, मालक."

सकाळी आलेल्या ड्रायव्हरला मात्र मालकांनीच माघारी धाडलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या.

आतला रंग पंचशीलेनं घासून काढला आणि नवे दोन हात स्वतः मारले. तोंडाशी भाता धरून मालक बसले. रंग वाळायला आठ दिवस गेले. त्या गावच्या बाया तोवर दीड कोसावरून पाणी आणत होत्या.

तपासायला टाकीत पहिलं भरलेलं पाणी वास आला म्हणून ओतावं लागलं. ओतताना कुणीच कुणाकडं बघितलं नाही. दुसऱ्यांदा भरलेलं तिनं हुंगलं, ओंजळभर पिऊन बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "न्या आता."