आतल्या खोलीतले साहेब

"थांब, साहेबांना विचारतो," असं म्हणून तो हवालदार आतल्या खोलीत जायचा, दार लोटून घ्यायचा आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन तोंड वाकडं करून सांगायचा, "साहेब नाही म्हणतात."

असे नमुने तुम्हीही पाहिले असतील. आमचा हा वळ गावच्या रस्त्यावरच्या पोलीस चौकीत, माझ्या सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर बसायचा. पहिल्या दिवसापासून तो माझ्या डोळ्यांत सलायचा. दुकानातली सायकल चोरीला गेली तेव्हा मी तक्रार द्यायला गेलो. तो आत जाऊन आला. "साहेब म्हणतात, कुलूप चांगलं घे."

मी चिडून चौकीच्या मागे गेलो आणि खिडकीतून पाहिलं. खोलीत एक खाट, पाण्याचं मडकं आणि दोरीवर ह्याचाच दुसरा शर्ट. साहेब कुठला नि काय! आसपासच्या सगळ्या गावांना मिळून हा एकटाच. जीप नाही, फोन बहुतेक वेळा बंद. दुसरा माणूस मागून मागून थकल्यावर ह्याने स्वतःच एक साहेब नेमला होता. मला दया वगैरे आली नाही. कधीतरी चारचौघांत ह्याचं पितळ उघडं पाडायचं, एवढंच मी ठरवलं.

संधी चालून आली. मुलं पळवणारा फिरतोय अशी आवई तेव्हा गावोगाव उठली होती. शिफ्ट संपवून निघालेल्या एका यंत्रमाग कामगाराने रस्त्यातल्या पोराला बिस्कीट दिलं आणि लोकांनी त्याला धरलं. मार खाता खाता तो निसटला आणि चौकीत शिरला. हवालदाराने त्याला आतल्या खोलीत कोंडलं आणि स्वतः दारात उभा राहिला. समोर शंभरेक माणसं, हातांत दांडकी.

"त्याला भाईर काढ."

"साहेबांना विचारतो." ह्या वेळी तो आत गेला नाही. जागेवरूनच मान वळवून त्याने विचारलं, उत्तर ऐकल्यासारखं केलं. "साहेब म्हणतात, पायरी चढेल त्याला गोळी घालीन."

पुढचा एक तरुण हसला आणि माझ्याकडे वळला. "शेठ, तू समोरच बसतस. खरा सांग, आत सायब हाय का न्हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हवालदारानेही पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, नेहमीचाच माज होता. हाताने मात्र त्याने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली होती. मी मनात त्याला एक शिवी हासडली आणि म्हणालो, "हाय. बंदूक घेऊन बसलाय."

गर्दी कुरकुरत मागे सरली. एका टेम्पोवाल्याने निरोप पोहोचवला, भिवंडीहून पोलिसांची गाडी आली आणि तो कामगार जिवंत गेला. आभार? "दुकानापुढचे टायर उचल, रस्ता अडतो," एवढंच हवालदार मला म्हणाला.

पुढे एकदा तो आपणहून दुकानात आला. "पुन्हा माणूस मागितला होता. वरचे म्हणतात, एकट्याने शंभर माणसं आवरलीस, मग दुसरा कशाला?" तो पहिल्यांदाच माझ्यासमोर हसला. मला भयंकर राग आला, पण त्याचा नाही.

तो निवृत्त झाला त्या दिवशी चार्ज घ्यायला कोणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहून त्याने चौकीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्यापुढे ठेवली.

"कोणी आला तर दे."

"मी काय तुमचा नोकर आहे?"

"नाहीस," तो म्हणाला आणि शेलार गावाच्या दिशेने चालत गेला.

किल्ली अजून माझ्याकडेच आहे.