न सुटणारी लेबलं

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आप्पासाहेबांचा लोणच्याचा कारखाना आहे. परदेशी जाणाऱ्या बाटल्यांना लेबल लावायचं काम मनकर्णाबाई तिथं बारा वर्षं करत होत्या, आणि बाराही वर्षं त्या परदेशानं त्यांचं डोकं खाल्लं होतं.

आधी तिकडच्या लोकांना चकचकीत लेबल हवं होतं. मग म्हणे चकाकी नको, खाकी कागद लावा, खेड्यातला माल वाटला पाहिजे. मग मीठ किती, तेल किती, ते मुंगीनं वाचावं एवढ्या बारीक अक्षरांत. दुबईला एक लेबल, जर्मनीला दुसरं.

"लोणचं खात्यात का लेबल चाटत्यात?" मनकर्णाबाई करवादायच्या आणि गुमान लावायच्या.

आता जर्मनीच्या गिऱ्हाइकाचं नवंच निघालं. रिकामी बाटली तिकडं गरम पाण्यात धुतात. तेव्हा लेबल आपोआप सुटून वर तरंगलं पाहिजे. छावणीत छापखाना चालवणाऱ्या मोहियोद्दीनभाईंनी तसल्या गोंदाची लेबलं मुद्दाम छापून आणली. बाराशे बाटल्यांना ती लागली. गाडी परवा निघणार होती.

आप्पासाहेबांनी त्यातली एक बाटली गरम पाण्याच्या बादलीत सोडली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. लेबल जागचं हललं नाही.

"भाई, हा गोंद का सिमेंट?" आप्पासाहेब तडकले. "मी तिकडं शब्द दिलाय. आता छपाईला दुसरा माणूस बघावा लागंल मला."

"आप्पासाहेब, कसम से, मी स्वतः भिजवून बघितलं होतं. पाच मिनिटांत सुटलं." मोहियोद्दीनभाईंचा चेहरा उतरला. छापखान्याचं निम्मं काम या एका कारखान्याचं होतं.

मनकर्णाबाईंनी पदराआड हात लपवला. अंगठ्याला सुलुशनचा वास येत होता.

पहिल्याच वर्षी जहाजातल्या दमटपणानं लेबलं सुटली होती. उघड्याबोडक्या बाटल्यांचे फोटो आले, सगळा माल परत आला, कारखाना बंद पडायची वेळ आली. तेव्हा बाईंनी कुणाला न विचारता नवऱ्याच्या, पुंजारामच्या सायकल दुकानातून पंक्चरच्या सुलुशनची ट्यूब आणली आणि लेबलाच्या चारी कोपऱ्यांना एकेक टिपका देऊ लागल्या. पुन्हा तक्रार आली नाही. आप्पासाहेब दर दिवाळीला म्हणायचे, "भाईंचा गोंद म्हणजे गोंद!" बाई मान खाली घालून ऐकायच्या. या खेपेलाही हातानं सवयीनं टिपके दिले होते.

कौतुक भाईंनी घेतलं, आता बोलणीही त्यांनीच खावीत, असं क्षणभर मनात आलंच. पण सकाळी देवापुढं उदबत्ती लावलेला हात तोच होता.

"आप्पासाहेब," त्या चिडूनच बोलल्या, "भाईला कशापायी बोलता? सुलुशन माझं हाय. बारा वर्षं लावतेय."

"बारा वर्षं?"

"मग काय! लेबल निघू देऊ नका म्हणलात, नाय निघू दिलं. आता म्हणता निघालं पायजे. एकदा काय ते ठरवा की!"

आप्पासाहेबांना हसावं की रागवावं कळेना. त्यांनी कोऱ्या बाटलीला नुसतं लेबल लावून ती दिवसभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली. कोपरा उचलला नाही. संध्याकाळी गरम पाण्यात सोडली, तर लेबल पानासारखं तरंगून वर आलं. मनकर्णाबाई डोळे विस्फारून बघत राहिल्या. कोपऱ्यांना टिपका नसताना लेबल आपणहून टिकलं होतं.

"बाराशेच्या बाराशे सोला," आप्पासाहेब म्हणाले. "परवाच्या आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पाटावर बसून अंगठ्यानं कोपरे घासत होत्या. सुलुशनच्या गोळ्या निघत होत्या, कागद काही निघत नव्हता. मोहियोद्दीनभाई आले, शेजारी स्टूल ओढून बाह्या वर करून बसले.

"भाभी, एक विचारू? बारा वर्षं माझ्या गोंदाची तारीफ का होऊ दिली?"

"तुमाला बरं वाटत व्हतं म्हणून."

भाईंनी एक बाटली उचलून कोपरा घासून बघितला. मग म्हणाले, "हे तर कयामतपर्यंत निघणार नाही, भाभी."

"बोलू नका," मनकर्णाबाई म्हणाल्या, "घासा."