चढावर तुटलेली वायर

मारेगावहून माझ्या उपकेंद्राच्या गावाला जाणारा रस्ता मध्ये सागाच्या जंगलातून चढतो. मी तिथे नर्स. एसटी दुपारी येते, म्हणून भाच्याची जुनी गिअरची सायकल घेतली होती. त्या हिवाळ्यात आमच्या शिवारात वाघ फिरत होता. एक गाय गेली होती, आणि कापूस वेचायला बाया घोळक्यानेच निघत.

एका सकाळी चढ लागला, मी गिअरचा खटका दाबला, आणि हँडलजवळ काहीतरी कट्कन तुटलं. खटका सैल पडला. चेन मागच्या सगळ्यात लहान चकतीवर जाऊन बसली. चढावर तो गिअर म्हणजे पायडल हलेचना. मी उतरले.

उतरल्यावर ती शांतता कानावर आली. मग उजवीकडच्या झाडांवर एक वानर खेकसलं. पाठोपाठ सगळीच, वाघ दिसल्यावर ओरडतात तशी. पळायचं नाही, एवढंच माहीत होतं. सायकल ढकलत, घंटी वाजवत चालत राहिले. पाठ उघडी पडल्यासारखी वाटत होती, पण मागे वळून बघायची छाती झाली नाही. माथ्यावर समोरून ट्रॅक्टर आला, तेव्हा मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

"काय झालं ताई?" ड्रायव्हरने विचारलं.

"वायर तुटली."

संध्याकाळी दुकानातून नवी वायर आणि नळी घेऊन आले, सायकल अंगणात खाटेला टेकवली. नवरा जवळ येऊन बसला.

"उद्या नको जाऊ. तुले भेव नाही लागत का वं?"

"लागते ना. म्हणूनच तर नवीन वायर टाकून राह्यली. पक्कड द्या इकडे."

तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, पहाटेच निघतो, म्हणून मला सोडायला येऊ शकत नव्हता. आणि उपकेंद्राच्या गावात एका पोरीचे दिवस भरले होते.

जुनी वायर ओढून काढली. ती ज्या काळ्या नळीतून जाते, ती उन्हाने तडकली होती आणि आत गंजाचा भुगा. नळीही बदलायचीच होती. जुनीच्या मापाने नवी कापली, तर पक्कडीने तिचं तोंड चेपलं. दाभणाने ते मोकळं केलं. वायर आत सारू लागले. एक तार उकलून बोटात घुसली. नवऱ्याने टॉर्च धरला. वायर ताणून मागचा नट आवळला, मोकळ्या टोकाला टोपी लावली, पण खटका दाबला तर चेन दोन चकत्यांच्या मध्येच कुरकुरत राहिली. वायरचा ताण जुळवायची छोटी फिरकी थोडी थोडी फिरवत बसले. शेवटी चेन सरळ वर चढली.

"पुन्हा एकदा," नवरा म्हणाला. मी परत दाबला. तो म्हणाला, "आणखी एकदा."

सकाळी चढाच्या पायथ्याशी आले, तर वनरक्षक रस्त्याकडेला वाकला होता. धुळीतल्या एका खुणेभोवती त्याने दगड मांडले होते. माझ्या पंजापेक्षा मोठी खूण. शेजारी माझ्याच टायरची रेघ होती, आणि खूण त्या रेघेवर उमटली होती.

"कालची हाये," तो म्हणाला. "इथूनच पलीकडे गेला. तुमी किती वाजता आलत्या?"

मी हँडल धरलं. सायकलवर बसले. खटका दाबला, गिअर हलका झाला, आणि कुठेच न बघता मी तो चढ चढले. उपकेंद्राचं कुलूप काही केल्या उघडेना. किल्ली दोनदा हातातून पडली.

दुपारी त्या पोरीला मुलगी झाली. मला घरी निघायची हिंमत होत नव्हती. शेवटी नवऱ्याला फोन केला.

"येता का?"

"आलोच," तो म्हणाला.

मी पुढे सायकलवर, तो मागे मोटारसायकलवर. उतार लागला तरी मी वेग घेतला नाही. एकदा तो थोडा मागे पडला, तेव्हा ओरडले, "जवळ या ना!" हॉर्न वाजवत तो अगदी मागच्या चाकाला येऊन लागला.