धारचा पेच

धारहून निघालो त्या दिवशी गल्लीतली सगळी माणसं निरोप द्यायला आली आणि सगळी माझ्या दाताकडे बघत उभी राहिली. बायको जाऊन तीन महिने झालेले, आणि म्हातारा तोंडात पांढराशुभ्र नवा दात घालून मुलाच्या गाडीत बसतोय. शेजारचा किराणेवाला रामेश्वर, माझा लहानपणचा दोस्त, खिडकीत वाकून म्हणाला, "भिया, देवास जा रिये हो के बारात में?" त्याचे डोळे भरले होते म्हणून सोडला. एरवी सोडला नसता.

तुम्ही धारमध्ये राहिलेले, आणि माझ्यासारखे पोरांच्या मागे निघून गेलेले, तुम्हाला वाटतं मी देवासला सुखात आहे. आहेच. नळाला पाणी आहे, खोली स्वतंत्र आहे, सून मामंजी मामंजी करते. पण या एका दाताने माझं डोकं पिकवलं, ते सांगतो.

मी शिंपी. शाळा चौथीपर्यंत. आमचे पूर्वज मराठी दरबाराबरोबर इकडे आले अंगरखे शिवायला. मी शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या शिवल्या. जन्मभर धागा पुढच्या दाताने तोडला. ही माझ्या शेजारीच काज-बटणं करायची आणि दर वेळी म्हणायची, "कात्री काय पूजेला ठेवलीय?" शेवटी दात गेलाच.

मला नवा नको होता. म्हाताऱ्याला पुढच्या दाताचं काय करायचं? बोलताना शीळ वाजते, तर वाजू दे. पण हिने हट्ट धरला. "हसलात की खिडकी उघडी राहिल्यासारखं दिसतं," म्हणाली. मग धारच्या डॉक्टरीणबाईने जबड्यात पेच बसवला. इम्प्लांट म्हणतात त्याला. हाड पेचाला धरेपर्यंत थांबायचं, मग वर दाताची कॅप. पेच बसवताना ही बाहेर बाकावर माझा चष्मा मुठीत धरून बसली होती. बाहेर आलो तर चष्म्यावर सगळी बोटं उमटलेली.

मधल्या काळात ती गेली. छातीत कळ आली आणि गेली. मला मऊ भात कालवून देत होती, तो भात तसाच राहिला.

कॅप नंतर बसली. डॉक्टरीणबाईने रंगांची पट्टी पुढे धरली, "अंकल, कौन सा?" मी म्हटलं, कोणताही लावा. तो हा असा चुन्यासारखा आला. पेच हिच्यासमोरचा. कॅप हिने बघितली नाही.

देवासला सुनेने पडदे आणले, मी त्यांना पट्टी मारली. धागा तोडला. कशाने तोडला ते विचारू नका. त्यानंतर कॅप हलायला लागली. पोळी मोडली की हले, जिलेबी खाल्ली की हले, "सुधीर" अशी मुलाला हाक मारली की टक् वाजे. नातू तेवढ्यासाठी मला दहादा म्हणायला लावी, "आजोबा, फिर से पापा को बुलाओ ना."

सुधीर मला इथल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काचेचा दवाखाना, आत थंडी, बूट बाहेर. त्याने तोंडात दिवा घातला, तीन पेचकस बदलले आणि म्हणाला, "अंकल, ये किस कंपनी का है? हमारा इसमें लगता ही नहीं." प्रत्येक कंपनीची खाच म्हणे वेगळी. अरे, सुई कोणत्याही कंपनीची असो, धागा जातोच ना? एवढीशी वस्तू, धारहून देवासला आली तर परदेशी झाली! मग तो आरामात म्हणाला, पेचच काढून टाकू, आमचा नवा बसवू.

सुधीरने लगेच मान हलवली. "अण्णा, काढून टाकू. एकदाची कटकट जाईल."

"नाही."

"दुखत नाही अण्णा, सुन्न करतात."

"तुला काय कळतंय! तो पेच बसला तेव्हा तुझी आई बाहेर बसली होती. तो निघणार नाही."

डॉक्टर आपल्या बोटांकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवशी सुधीरने फॅक्टरीतून रजा काढली आणि म्हणाला, "चला, धारला जाऊ."

डॉक्टरीणबाईने कॅप उतरवली, आतला पेच दाबून पाहिला, ठोकून पाहिला. मी खुर्चीचे दांडे धरून होतो. पेच हलतोय म्हणाली तर संपलं. ती म्हणाली, "अंकल, इसको तो हड्डी ने पकड़ लिया है. अब ये आपके साथ ही जाएगा." मग म्हणाली, कॅप आतून झिजलीय, नवी करावी लागेल, कंपनीचं नाव देवासच्या डॉक्टरला फोनवर सांगते, तो पेचकस मागवेल, कॅप तिथेच होईल.

म्हणजे एका फोनचं काम! मी सुधीरवर आणि डॉक्टरीणबाईवर, दोघांवरही ओरडलो. आणि खरं सांगायचं तर दातासाठी धारला येत राहीन असं मनात धरून बसलो होतो, तेही गेलं. गल्लीत रामेश्वरला हे सांगितलं तर तो दुकानातून ओरडला, "पेंच तो तुमारा बचपन से ढीला हे, भिया!" घराजवळून गेलो. कुलूप काढलं नाही. आत "कोण आलं?" म्हणून विचारणारं कोणी पाहिजे ना.

नव्या कॅपचा रंग सुनेने निवडला. पट्टी माझ्या ओठाशी धरून म्हणाली, "मामंजी, हा फार गोरा. हा चहाचा बरा." बसवली. आता माझ्या तोंडाकडे कोणी बघत नाही, आणि ती हलतही नाही. पुढे झिजली तर दुसरी करतील. करू देत. वरचं काय, बदलत राहील.

परवा इथल्या देवीच्या टेकरीखाली बाकावर एकाने विचारलं, "अंकल, आप कहाँ के?" एवढे महिने मला याचं उत्तर देता येत नव्हतं. धारचा म्हणावं तर घराला कुलूप, देवासचा म्हणावं तर जीभ वळत नाही. त्या दिवशी मी तोंड मोठं उघडून दात दाखवला. "ऊपर से देवास का. हड्डी में धार का."

तो बिचारा उठून दुसऱ्या बाकावर गेला. ही असती तर कोपराने ढोसून म्हणाली असती, "मिटा आता तोंड, लोक बघतायत."