मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे

आमची आत्या धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी असो वा नसो, धवलारीण लागतेच. ती मांडवात बसून धवले गाते, आणि तिच्या सुरावर तेल चढतं, हळद लागते. मी रेवदंड्याच्या हौशी नाटकांत राजे केलेत, खलनायक केलेत, नटी ऐन वेळी रुसली म्हणून एकदा विधवाही केली आहे. पण आत्याने तोंड उघडलं की माझ्यासारख्याने गुमान सतरंजीवर बसावं.

या आत्याचा पुढचा दात पडला आणि तिचा ‘स’ शिटी मारू लागला. ‘सोनियाचा’ म्हटलं की मांडवातल्या पोरी पदरात तोंड खुपसायच्या. त्यातून नातीचं लग्न तोंडावर आलेलं.

“नातीच्या लग्नात मी शिट्या मारू काय रं?” असं म्हणून तिने मला रिक्षात बसवलं आणि आम्ही अलिबागेत दातांच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर तरुण मुलगी होती. खुर्ची मागे कलली तशी आत्या ओरडली, “बाय, मना दात लावायचाय. निजवतेस कशाला?”

“आजी, आधी सांगा, तंबाखू खाता?”

“कदी हातान धरली न्हाय.”

“गुटखा? विडी?”

“मी काय बोटीवरचा खलाशी हाय?”

कोपऱ्यातून मीही ठेवणीतला आवाज काढला, “डॉक्टर, आमच्या आत्याला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही!”

मला वाटलं, आता दाताचं माप घेतील. पण ती मुलगी दाताकडे बघेचना. तिने कापसाच्या फडक्यात जीभ धरून ती डावीकडे ओढली, उजवीकडे ओढली, खालून पाहिली. गाल ताणले. बंदरावर चोखंदळ गिऱ्हाईक माशाचा कल्ला उचलून बघतं, तशी ती आत्याचं तोंड बघत होती. खालच्या ओठाच्या आत आली आणि थांबली. तिथे फडक्याने पुसलं. पुन्हा पुसलं.

“आजी, इथं काय ठेवता तुम्ही?”

“तितं? तितं मशेरी.”

“मशेरी म्हणजे तंबाखूच की!”

“मशेरी मशेरी हाय,” आत्या म्हणाली. “तंबाखू बापये खातात. मशेरीन दात घासतात.”

आत्या खोटं बोलत नव्हती, आणि मीही. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजताना मी तिला शेकडो वेळा पाहिलंय, त्या धुराने शिंकत अंगणात पळालोय. पण आमच्या घरांत तव्यावर चढते ती तंबाखू आणि उतरते ती मशेरी. मग ती कुटून डबीत भरायची आणि बाईच्या कमरेला. तिला व्यसन कोण म्हणणार?

“दिवसातून किती वेळा दात घासता?”

आत्या आठवू लागली. “सकाली. जेवल्याव. धवल्यांच्या आदी. मदी कंटाला आला त.”

“एवढे दात घासणारी बाई मी पाहिली नाही,” डॉक्टर म्हणाली आणि दोघी हसल्या.

मग डॉक्टरने तिच्या हातात आरसा दिला आणि ओठ खाली ओढून धरला. आत चुना फासल्यासारखा पांढरा चट्टा होता. पुसून न जाणारा.

“दुखतंय?”

“न्हाय.”

“म्हणूनच दाखवतेय. दुखायला लागल्यावर आलेली माणसं फार उशिरा आलेली असतात. हे काही नसेलही. कॅन्सरची सुरुवातही असू शकेल. नुसतं बघून कळत नाही. छोटा तुकडा काढून तपासावा लागेल.”

“तुकडी? मी काय सुरमय हाय?” आत्या म्हणाली. पण तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. “लगीन झाल्याव बघू.”

डॉक्टरने वाद घातला नाही. आरसा आत्याच्या हातात तसाच ठेवून ती दाताच्या मापाची तयारी करू लागली. आत्या एकटीच ओठ ओढून बघत राहिली. हा चट्टा आपल्याच तोंडात कधी येऊन बसला, असं चेहऱ्यावर.

“बाय,” ती शेवटी म्हणाली, “आदी तुकडी काड. दात मागना.”

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस लांबले. डबी फडताळावर गेली. पेस्टने दात घासून आत्या थुंकायची, “हे दात घासले का पेढा खाल्ला?” मी नकला केल्या, ती हसली नाही. एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, “मी नसले त पोरीला हलद कोन चढवील रं?” मी तिच्यापुढचं सूप ओढून घेतलं आणि खडे वेचू लागलो.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण पेशी त्या वाटेला लागल्या होत्या. चट्टा काढून टाकायचा, मशेरी कायमची बंद, आणि अधूनमधून तोंड दाखवायला यायचं.

“म्हंजे खाडीपार जानारी गाडी दिघीच्या जेट्टीव हाय,” आत्या म्हणाली. “बोटीत चढली न्हाय.”

“अगदी बरोबर,” डॉक्टर म्हणाली. “जेट्टीवरूनच माघारी वळवू.”

वळवली. जखम भरली, दात बसला, आणि नातीच्या हळदीला ‘सोनियाचा’ असा खणखणीत निघाला की पोरी हिरमुसल्याच. गाणं रंगात असताना शेजारी बसलेल्या विहीणबाईंनी प्रेमाने डबी पुढे केली. आत्याने धवला मध्येच तोडला. तिने विहिणीची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वळवलं.

“आ कर.”

“अगो, मी तंबाखू न्हाय खात!”

“तंबाखूचा कोन इचारतोय? दात कशान घासतेस?”

विहीणबाईंनी एकदा हातातल्या डबीकडे पाहिलं आणि आ केला. आत्याने वाकून निरखलं, ओठ खाली ओढला, आणि धवला तोडला होता तिथून पुन्हा उचलला.

सोमवारी अलिबागच्या रिक्षात आम्ही तिघं होतो.